५० हजारात छोटा मिररलेस कॅमेरा घ्यायचाय, घरच्या हातमागाचे फोटो काढायचेत, सोलापूरकरांनी सल्ला द्या

पूर्वभागकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस नुसता वाचत होतो, आज पहिल्यांदाच लिहायलोय, लांबण लागली तर सांभाळून घ्या.

आमचं घर पूर्व भागात, अशोक चौकाच्या मागल्या बाजूला. घरात तेलुगू, दारात मराठी, इकडचं तुम्हाला माहितीच आहे. नायना म्हणजे माझे वडील, वय ७१. मधली काही वर्षं चादरीच्या कारखान्यात काढली, बाकी सगळं आयुष्य घरच्या हातमागावर. आता गुडघे साथ देत नाहीत, खड्ड्यात पाय सोडून बसणं आणि परत उठणं दोन्ही जड जातंय. चालू ताणा (मागावर ताणलेले उभे धागे) संपला की माग उतरवायचा असं त्यांचं त्यांनीच ठरवलंय, दिवाळीपर्यंत संपेल. तोवर मला त्यांचे कामावरचे फोटो काढायचेत, एक दिवस बसवून चार फोटो असं नाही, रोज कामावरून आलो की थोडे थोडे.

मोबाईलवर प्रयत्न करून बघितला. खोली दहा बाय बाराची, वर पत्रा, पत्र्यात एक काचेचा तुकडा बसवलाय तेवढाच उजेड, आणि संध्याकाळी एक ट्यूब. मोबाईलमधे भिंत चिकणी दिसते, नायनांच्या हाताची बोटं मेणासारखी होतात आणि धोटा (आडवा धागा घेऊन इकडून तिकडे पळतो तो) तर फोटोत दिसतच नाही, कुठं गेला कळत नाही.

चुलतभावाचा जुना डीएसएलआर आणला होता एकदा. तो एवढा मोठा कॅमेरा बघितला की नायना उठतात, शर्ट बदलून येतात आणि हाताची घडी घालून समोर बघत बसतात. मला ते नको आहे. म्हणून छोटा पाहिजे.

बजेट ५० हजार, अगदीच ताणलं तर ५५. नवी पेठेत एका दुकानात विचारलं तर त्यांनी सोनीचा झेडव्ही-ई१० दाखवला आणि व्हिडिओसाठी लई चालतो म्हणाले. मला व्हिडिओ फारसा नको. आणि नारळी पौर्णिमेला मार्कंडेयाचा रथ निघतो तेव्हाही काढायचेत फोटो, त्यामुळे तोवर हातात आला तर बरं.

शेंगाचटणी

भावा एवढ्या पैशात मोबाईलच चांगला घे की, आजकाल कॅमेरा कोण घेतंय. नाईट मोडमधे अंधारात पण दिवसासारखा फोटो येतो.

कंबरतलाव

शेंगाचटणी, तुमचं म्हणणं प्रवासाला, जेवणाच्या ताटाला ठीक आहे, इथं नाही. त्यांनी वर काय लिहिलंय बघा, धोटा दिसत नाही. मोबाईल कमी उजेडात एक फोटो काढत नाही, पाठोपाठ बरेच काढतो आणि एकत्र जुळवतो. स्थिर भिंत त्यात छान येते, पण एका टोकाकडून दुसऱ्या टोकाला पळणारी वस्तू प्रत्येक फोटोत वेगळ्या जागी असते, मग ती जुळवताना पुसली जाते. बोटांचं मेण होतं तेही त्याच्यामुळं आणि फोटोतले दाणे घालवायला जो हात फिरवला जातो त्याच्यामुळं. हा मोबाईलच्या किमतीचा प्रश्न नाही.

पूर्वभागकर, मी २२ वर्षं लग्नाच्या ऑर्डरी केल्यात, आता कमी केलंय. सविस्तर लिहितो रात्री. तोवर एक सांगा, दिवसा त्या काचेखालचा उजेड किती वाजता मागावर येतो?

पूर्वभागकर

काका सकाळी साडेनऊ-दहाच्या सुमारास नायनांच्या डाव्या खांद्यावर येतो, अकरापर्यंत ताण्यावर सरकतो. पण मी त्या वेळी कामावर असतो, रविवार सोडून.

होटगीरोड

सध्या नवीन काय मिळतं त्याचं सांगतो, मी मागच्या महिन्यात हाच अभ्यास केलाय. कॅननचा आर१०० सगळ्यात स्वस्त पडतो पण त्याची स्क्रीन मागे घट्ट बसवलेली आहे, वळत नाही आणि टच पण नाही, आजच्या काळात हे जड जातं. त्याच्या वरचा आर५०, २०२३ चा, २४ मेगापिक्सेल, फोकस एकदम झकास, चेहरा डोळे लगेच पकडतो, वजनाला हलका, मी तोच घेतला. निकॉनचा झेड३० आणि सोनीचा झेडव्ही-ई१० हे दोन्ही चांगले पण दोन्हीला व्ह्यूफाइंडर (डोळा लावून बघायची खिडकी) नाही, फक्त मागची स्क्रीन. फुजीचा एक्स-एम५ दिसायला सुंदर, त्यालाही व्ह्यूफाइंडर नाही आणि बजेटच्या बाहेर.

मी आर५० लाच मत देईन, बजेट थोडं वाढवा.

माळढोक_नान्नज

व्ह्यूफाइंडरबद्दल होटगीरोडशी १००% सहमत, हे सोलापूरकरांनी तर डोक्यात कोरून ठेवावं. मी नान्नजच्या माळावर जातो काळवीट बघायला. मार्चनंतर तिथं सकाळी नऊ वाजता स्क्रीनवर स्वतःचं तोंड दिसतं, फोटो दिसत नाही. हाताची सावली करून, टोपी आडवी धरून सगळं करून झालं. डोळ्याला लावायची खिडकी असेल तर बाहेर कितीही ऊन असू दे, आत अंधारात चित्र स्वच्छ दिसतं. तुमचा रथ पण दिवसा उन्हातच असतो ना.

आणि डोळ्याला लावला की कॅमेऱ्याला कपाळाचा तिसरा टेकू मिळतो, हात लांब करून धरण्यापेक्षा कितीतरी स्थिर.

माझ्याकडे निकॉन झेड५० आहे, १६-५० आणि ५०-२५० अशा दोन लेन्सवाला. पण तुमच्या खोलीत २५० मिमीचं, म्हणजे लांबचं जवळ आणणाऱ्या लेन्सचं, काही काम नाही, त्यामुळे माझं ऐकून तो घेऊ नका.

कंबरतलाव

बसलो आता निवांत. लांब होईल.

इथं सगळे बॉडीबद्दल, म्हणजे लेन्स सोडून नुसत्या कॅमेऱ्याबद्दल बोलतायत. पूर्वभागकर, तुमचा प्रश्न बॉडीचा नाहीच, उजेडाचा आहे, आणि उजेड आत येतो तो लेन्समधून. डब्यात येणारी लेन्स, म्हणजे किट लेन्स, तिच्यावर आकडे लिहिलेले असतात ते वाचा. सोनीची १६-५०, तिच्यावर ३.५-५.६ लिहिलंय. आर५० बरोबर येते ती १८-४५, तिच्यावर ४.५-६.३. हा आकडा जितका मोठा तितकं भोक लहान. आता एक साधा हिशोब करा. ५.६ ला १.४ ने भागा, ४ आले. ४ चा वर्ग १६. म्हणजे एफ/१.४ ची लेन्स त्याच खोलीत, त्याच ट्यूबखाली, झूम करून ठेवलेल्या किट लेन्सपेक्षा १६ पट उजेड आत घेते. सोळा पट! कितीही नवीन बॉडी घेतली तरी सेन्सरमधून (आत उजेड टिपणारा तुकडा) एवढा फरक मिळणार नाही, बारा वर्षांपूर्वीचा २४ मेगापिक्सेलचा सेन्सर आणि आजचा यात या कामापुरता फरक थोडाच आहे.

१६ पटीचं करायचं काय, तर समजा किट लेन्सवर तुम्हाला शटर १/१५ सेकंद उघडं ठेवायला लागतंय, हात हलले की संपलं. तोच फोटो या लेन्सवर १/२५० ला येतो. नाहीतर शटरचा वेग थोडाच वाढवा आणि उरलेल्याचा आयएसओ (उजेड किती वाढवून घ्यायचा तो आकडा, जास्त ठेवला की दाणे येतात) खाली आणा, बोटांच्या रेषा, नखातला रंग सगळं राहतं.

म्हणून माझा सल्ला सरळ आहे. बॉडी वापरलेली घ्या आणि वाचलेल्या पैशात एक फिक्स लेन्स घ्या, झूम नसलेली. दहा बाय बाराच्या खोलीत ३० मिमीच्या आसपास. ५० मिमी स्वस्त मिळते म्हणून घेऊ नका, या लहान सेन्सरवर ती ७५-८० सारखी वागते, नायना आणि माग दोन्ही एका फोटोत घ्यायला तुम्हाला भिंत फोडून मागे जावं लागेल.

यात दोन रस्ते दिसतात मला. एक सोनी ए६०००, २०१४ चा आहे पण व्ह्यूफाइंडर आहे, बॅटरीसकट साडेतीनशे ग्रॅमच्या आत, आणि त्यावर सिग्माची ३० मिमी एफ/१.४. दुसरा कॅनन एम५०, त्यावर कॅननचीच २२ मिमी एफ/२, ही लेन्स १०५ ग्रॅमची, भाकरीच्या जाडीची म्हणा ना.

होटगीरोड

काका आदर ठेवून सांगतो, एम५० नका सुचवू. ती सिस्टीम कॅननने बंद केली. नवीन लेन्स येणार नाहीत. आणि पुढे आर सिरीजला जायचं म्हटलं तर त्या लेन्स लागत पण नाहीत, अॅडॅप्टर पण नाही. जुन्या माउंटचं (लेन्स बसते त्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं) अंतर १८ मिमी, नव्याचं २०, मधे अॅडॅप्टर ठेवायला जागाच उरत नाही. पैसे अडकणार.

कंबरतलाव

अंतराचं तुमचं बरोबर आहे, आणि जो माणूस पुढं वाढवत जाणार आहे त्याला मी पण एम५० सांगणार नाही. पण बंद झाली म्हणजे चालू असलेला कॅमेरा फोटो काढायचा थांबत नाही. ज्याला एकच लेन्स लावून चार महिने एकच काम करायचंय त्याच्यासाठी बंद सिस्टीम म्हणजे कमी पैशात चांगला माल. तरीपण दोन्हीत एक निवडायचा तर मी सोनी सांगेन, सिग्माची ती लेन्स उद्या ए६४०० घेतला तरी तशीच लागेल.

ए६००० चे दोष पण सांगतो. टच नाही. मेनू गोंधळाचा आहे, पहिले आठ दिवस चिडचिड होईल. बॉडीत स्टॅबिलायझर नाही, पण स्टॅबिलायझर तुमचा हात धरतो, नायनांचा नाही, त्यामुळे हलणाऱ्या कामाला त्याचा उपयोग तसाही कमी. बॅटरी तीन-साडेतीनशे फोटोंत संपते, दुसरी घ्याच. ४के व्हिडिओ नाही. आवाज न करता फोटो काढायची सोय नाही, खट्ट वाजतो.

पूर्वभागकर

काका मागाच्या आवाजात त्याचं खट्ट ऐकूच येणार नाही. आमच्याकडे शेजारच्या खोलीतून हाक मारली तरी नायनांना ऐकू जात नाही, माग थांबला की मगच बोलायचं अशी सवय आहे घरात सगळ्यांना.

भीमाकाठ

फार चांगला धागा. मी मंदिरं काढतो, हत्तरसंग कुडलला संगमेश्वराच्या मंदिरात शके ९४० चा मराठी शिलालेख आहे तिथं कितीदा गेलोय. माझा अनुभव उलटा आहे, दगड हलत नाही, त्यामुळे तिपाई लावली आणि बाजूनं तिरका उजेड दिला की किट लेन्सवर पण अक्षर न् अक्षर वाचता येतं. म्हणजे काकांचा मुद्दाच खरा, काय काढायचंय त्याच्यावर सगळं आहे. हलणारं माणूस आणि कमी उजेड असेल तर लेन्सवर पैसे घाला.

कन्नाचौक

वापरलेला घेताना जपून, माझं ऐका. मी तीन वर्षांपूर्वी एका मोठ्या शहरातून मिररलेस आणला, दुकान होतं, फलक होता, सगळं होतं. बाजारापेक्षा ९ हजार स्वस्त. बिल मागितलं तर साध्या कागदावर लिहून दिलं, जीएसटी नंबर नाही. मी म्हटलं जाऊ दे. पाच महिन्यांत शटर अडकलं. सर्व्हिस सेंटरला नेला तर त्यांनी नंबर बघून सांगितलं हा भारतात विकायला आलेला सेटच नाही, वॉरंटी लागू नाही. दुकानदार फोन उचलेना. दुरुस्तीला जेवढे वाचवले त्याच्यापेक्षा जास्त गेले, आणि त्यापेक्षा वाईट म्हणजे मुलीच्या बारशाला कॅमेरा बंद होता. ते फोटो परत मिळणार नाहीत.

नवीन घेताना बॉक्सवर भारतातली एमआरपी आणि आयात करणाऱ्याचा पत्ता छापलेला आहे का, बिलावर सिरीयल नंबर आहे का, तो बॉडीखालच्या नंबरशी जुळतो का, एवढं उभ्या उभ्या बघा. वापरलेला असला तरी मूळ बिल मागा.

पुण्यातला_सोलापूरकर

सोलापुरात पर्याय कमी पडले तर पुण्याला या, वापरलेले बरेच असतात, सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं या आणि संध्याकाळी परत. मी येतो बरोबर.

बघायचं कसं तेवढं सांगतो. आधी लेन्स काढून मोबाईलची टॉर्च लावून आरपार बघा, आत कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी, सोडून द्या. मग भोक एफ/१६ करून पांढऱ्या कागदाचा किंवा आकाशाचा फोटो काढा आणि मोठा करून बघा, सेन्सरवर धूळ असेल तर काळे ठिपके दिसतील. ठिपके साफ होतात, ओरखडा होत नाही. लेन्सवर टोपण लावून अंधारातला एक फोटो काढा, रंगीत टिपके दिसतात का बघा. सगळी बटणं, चकती, बॅटरीचं झाकण, वरचा फ्लॅश बसायचा खाचा, सगळं हलवून बघा. सोनीत शटर किती वेळा पडलंय ते मेनूत दिसत नाही, पण काढलेल्या फाईलमधून ते वाचता येतं, कार्ड घेऊन या, बघू आपण.

माळढोक_नान्नज

धुळीचं मी पण सांगतो. मिररलेसमधे लेन्स काढली की सेन्सर उघडाच समोर, आरसा नाही मधे. आपल्याकडे वारं सुटलं की काय होतं माहिती आहे, आणि तुमच्या खोलीत तर सुताचा भुगा. त्या खोलीत लेन्स बदलायचीच नाही. एक लेन्स लावली की लावली. बदलायची वेळ आलीच तर दुसऱ्या खोलीत, पंखा बंद, कॅमेरा बंद, तोंड खाली.

पूर्वभागकर

बरोबर बोललात, संध्याकाळी झाडलं की केरसुणीला सुताचा गुंता चिकटलेला असतो, डोळ्याच्या पापणीवर पण बसतं. अक्कानं तर कांड्या भरून भरून खोकला लावून घेतलाय.

रविवारी जातोय पुण्याला. नंतर लिहितो.

पूर्वभागकर

घेतला!! ए६०००, किट लेन्ससकट २४ हजार, मूळ बिल आणि बॉक्स आहे, शटर ११ हजारच्या पुढे गेलंय म्हणजे फार वापरलेला नाही. सिग्मा ३० मिमी वेगळ्या माणसाकडून १८ हजाराला. एक जास्तीची बॅटरी, कार्ड, छोटी पिशवी धरून ४६ हजारात बसलं. पुण्यातल्या_सोलापूरकरांनी दोन तास उन्हात उभं राहून सगळं तपासलं, पहिला जो बघितला त्याच्या सेन्सरवर खरंच ओरखडा निघाला, मी एकटा असतो तर घेऊन आलो असतो. तुमचे उपकार आहेत दादा.

संध्याकाळी लगेच काढले. उजेडाचं काकांचं म्हणणं शब्दशः खरं. पण एक अडचण, ट्यूबखाली पाठोपाठ फोटो काढले तर एक उजळ, एक काळपट, एकात पिवळसर झाक असं व्हायलंय. कॅमेरा खराब आहे का? पोटात गोळा आलाय.

कंबरतलाव

काही खराब नाही, शांत व्हा. चोकवाली जुनी ट्यूब असणार. आपली वीज ५० हर्ट्झची, ती ट्यूब सेकंदाला १०० वेळा उजळते आणि मंदावते, डोळ्याला कळत नाही. शटर १/५०० ठेवलं की कधी उजळ क्षण सापडतो कधी मंद. शटर १/१०० ठेवा, नाहीतर १/५०, म्हणजे प्रत्येक फोटोत अख्खा हेलकावा येतो आणि सगळे सारखे येतात. संध्याकाळी १/१०० च्या वर जाऊ नका.

त्या १/१०० ला धोटा पुसट येईल, येऊ द्या. धोटा पळतोय हे दिसायलाच पाहिजे. तुम्ही चेहऱ्यावर फोकस ठेवा आणि फणी ठोकायला हात अंगाकडे ओढतात ना, त्या ओढीच्या शेवटाला एक क्षण सगळं थांबतं, तिथं दाबा. दहा-पंधरा दिवसांत तो ताल तुमच्या बोटात येईल, मागाच्या घरातले आहात तुम्ही, बाहेरच्याला लागेल त्याच्या निम्मा वेळ लागेल तुम्हाला. धोटा गोठलेला पाहिजे असेल तर रविवारी दहा वाजता, काचेखालच्या उजेडात, ट्यूब बंद करून १/५००.

एफ/१.४ वर एक डोळा स्वच्छ आणि दुसरा पुसट होतो जवळून. एफ/२ ठेवा.

शेंगाचटणी

मी वर मोबाईल घ्या म्हणलो होतो, मागं घेतो. हे ट्यूबचं मला माहितीच नव्हतं. फोटो टाका की दादा.

पूर्वभागकर

धागा वर काढतोय, दीड महिन्यानं. दोन बॅटऱ्या रोज चार्ज होतात, रथाचे फोटो चांगले आले, उन्हात व्ह्यूफाइंडर नसता तर काहीच जमलं नसतं, माळढोक_नान्नज यांना त्याबद्दल धन्यवाद.

नायनांचं सांगतो. पहिले आठ दिवस बघायचे माझ्याकडे, शर्ट मात्र बदलायला उठले नाहीत, एवढ्याशा कॅमेऱ्याला ते कॅमेरा समजतच नव्हते बहुतेक. मग विसरले. मी कोपऱ्यात सुताच्या पोत्यावर बसतो, पाठ भिंतीला, कोपर गुडघ्यावर. तुम्ही सांगितलेला तो ओढीचा क्षण आता न बघता कळतो, आवाज बदलतो त्या ठिकाणी.

गेल्या रविवारी दहाला काचेखाली काढला एक, १/५००, एफ/२, आयएसओ ८००. धोटा मधोमध, हवेत, त्याच्या मागं लाल बाण्याची (आडव्या धाग्याची) रेघ, आणि वर नायनांचा उजवा हात, दोरी ओढून सोडलेला. करंगळीला सुताचा जुना काप आहे तो पण दिसतो. जेवताना मागच्या स्क्रीनवर मोठा करून दाखवला. चष्मा लावून बराच वेळ बघितलं त्यांनी, बोलले काहीच नाहीत. मग ताट तसंच ठेवून उठले आणि आत गेले. मी म्हटलं काय झालं. फोटोत डाव्या काठापासून चौथ्या बोटावर ताण्याचा एक धागा तुटलेला दिसत होता, तो त्यांनी काम करताना बघितलाच नव्हता. मागावर जाऊन तो गाठला आणि मग येऊन जेवले.

आता रोज रात्री विचारतात, आजचे दाखव म्हणून.

कंबरतलाव

त्या फोटोची मूळ फाईल जपून ठेवा, दोन ठिकाणी, एक घराबाहेर. नवी पेठेत जिथं छापून घ्याल तिथं बारा बाय अठराच्या खाली घेऊ नका. आणि ताणा अजून किती हात उरलाय?

पूर्वभागकर

नायना म्हणतात अठरा-वीस हात. उद्या सकाळी सुट्टी टाकलीय.